नरक्याचं लाकूड

आजऱ्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडे सरकत जाणाऱ्या रानातली झाडं माझी आजी नुसत्या वासावरून ओळखायची. लिहितावाचता येत नव्हतं तिला, पण कशाचा पाला जनावराच्या जखमेवर बांधायचा, कशाचं लाकूड नांगराला टिकतं, कशाची साल ओढ्यात टाकली की मासे भोवंडून वर येतात, हे तिच्याकडे पक्कं होतं. नरक्या मात्र तिच्या कुठल्याच कामाचा नव्हता. ओलसर दरीच्या कडेला, अंजनी-जांभळीच्या सावलीत वाढणारं हे लहानसं झाड. पावसाळ्यात त्याला पिवळट पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि त्यांचा वास सहन होत नाही. लाकूड तोडलं की तोच वास हातालाही लागतो. सरपणाची मोळी दारात पडली की आजी ती सोडून बघायची आणि नरक्याची काटकी दिसली की कुंपणापलीकडे भिरकावायची. "तसलं चुलीत नगं. भाकरीला वास लागतोय," म्हणायची.

कुंपणापलीकडे पडलेल्या त्या काटकीत कॅम्प्टोथेसिन नावाचं विष होतं. मोठ्या आतड्याच्या, बीजांडकोशाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर आज जगभर दिली जाणारी दोन औषधं त्या विषापासून तयार होतात. या झाडाची गोष्ट मला आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकायला मिळाली, आणि सांगणाऱ्यांपैकी कुणालाच आपण एकाच गोष्टीतली माणसं आहोत हे ठाऊक नव्हतं. उरलेला भाग पुस्तकांत होता. पुस्तकांतल्या माणसांना आमच्या रानाची माहिती असायचं कारण नव्हतं. ही दोन टोकं कुणीतरी एका ठिकाणी बांधून ठेवावीत, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

आजोबा परळला गिरणीत साच्यावर होते. लालबागच्या चाळीत गावकीची खोली होती. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथे पाठ टेकायची. गिरण्यांच्या त्याच गर्दीत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या होत्या आणि पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजीही. त्यांच्या मागे त्यांच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभं केलं. आजोबा सांगायचे, पहिली काही वर्षं गिरणीतून सुटलेला माणूस त्या इमारतीवरून जाताना तिच्याकडे बघायचा नाही. पुढे गावाकडून पत्रं येऊ लागली. कुणाच्या गालाला गाठ, कुणाच्या जिभेला न भरणारी जखम. मग रात्रपाळी करून आलेला गडी न झोपता पाहुण्याला घेऊन रांगेत उभा राहायचा. आमच्या भागात "परळला नेलंय" एवढंच म्हटलं तरी बाकीचं माणसं समजून घेत.

त्या रांगेत तोंडाच्या कॅन्सरची माणसं फार असत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू चघळण्याचा आणि या गाठींचा संबंध बारकाईने तपासला. आजोबांनी तो अभ्यास वाचला नव्हता. पण रांगेतल्या प्रत्येकाच्या कनवटीला चंची असते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी स्वतःची चंची सोडली. उपचार म्हणजे तेव्हा दोनच: शस्त्रक्रिया आणि शेक. गाठ जिथे असेल तिथून कापायची, नाहीतर किरणांनी जाळायची. अंगभर पसरलेल्या कॅन्सरला या दोन्हींचा उपयोग नव्हता, आणि रक्ताच्या कॅन्सरला तर कापायला जागाच नसते.

पोटात किंवा शिरेतून द्यायच्या औषधाची पहिली वाट युद्धाने दाखवली. आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढून आले होते. ते फारसं बोलत नसत. पाऊस, चिखल, एकामागून एक नद्या, आणि पाठीवर वागवलेला गॅसचा मुखवटा, एवढंच त्यांच्याकडून निघायचं. मस्टर्ड वायू आला तर वारा कुठून आहे ते आधी बघायचं, हे त्यांना शिकवलं होतं. बारी बंदरात मोठी आग लागून जहाजं गेली, हेही त्यांच्या कानावर होतं. ती रात्र २ डिसेंबर १९४३ ची. जर्मन विमानांनी तिथे जहाजं बुडवली आणि त्यातल्या 'जॉन हार्वी' नावाच्या अमेरिकी जहाजात मस्टर्डचे बॉम्ब होते. हे गुपित पुढे कित्येक वर्षं राखलं गेलं. आबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाण्यात आणि तेलात मिसळलेलं ते विष अंगाला लागलेल्या माणसांना तपासायला स्टुअर्ट अलेक्झांडर नावाचे अमेरिकी लष्करी डॉक्टर गेले. त्यांनी नोंदलं की या माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने नाहीशा होतात.

त्याच्या वर्षभर आधी, १९४२ मध्ये, येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी त्याच जातीचं नायट्रोजन मस्टर्ड लसिका ग्रंथींच्या कॅन्सरने गळा कोंडत चाललेल्या एका रुग्णाला शिरेतून दिलं होतं. गाठी काही दिवसांत वितळल्या. थोड्या काळाने परत आल्या आणि रुग्ण वाचला नाही. पण नुसत्या औषधाने गाठ वितळते हे माणसाने पहिल्यांदा पाहिलं. गुप्ततेमुळे ते छापायला १९४६ उजाडलं. आजही सर्रास दिलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड हे त्याच घराण्यातलं.

विषाने कॅन्सर का मरतो? कॅन्सरची पेशी म्हणजे बाहेरून आलेला शत्रू नव्हे. ती आपलीच पेशी, पण कधी थांबायचं ते विसरलेली. वाढ सुरू करणारी जनुकं बिघडून कायमची चालू राहतात, वाढ थांबवणारी बंद पडतात, आणि बिघाड झालेल्या पेशीने स्वतः मरून जायचं ही शरीराची व्यवस्थाही मोडते. एका बिघाडाने हे होत नाही. वर्षानुवर्षं ते साठत जातात, म्हणून बहुतेक कॅन्सर उतारवयात दिसतो. थांबत नसल्यामुळे ती पेशी सतत दुभंगत राहते, आणि दुभंगण्याच्या घडीला कुठलीही पेशी फार उघडी पडते. तिला आपला सगळा डीएनए उलगडून त्याची नक्कल करायची असते. जुनी औषधं याच घडीवर घाव घालतात. पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज इथल्या निरोगी पेशीही भराभर दुभंगत असतात. म्हणून किमो घेणाऱ्याचे केस जातात, तोंड येतं, रक्तपेशींचे 'काउंट' कमी येतात.

झाडांकडे शास्त्रज्ञ वळले ते पुढच्या दशकात. सदाफुलीची गोष्ट अनेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. साखरेवर उपाय म्हणून तिची पानं आपल्याकडेही चघळतात आणि जमैकातही. तिथून १९५२ मध्ये पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या. चार्ल्स बीअर यांच्यासोबत त्यांनी त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. तिच्यातलंच व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आलं आणि त्या आजारातून मुलं उठू लागण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आजही साखरेसाठी सदाफुली चघळणारी माणसं भेटली की मी त्यांना हात जोडून सांगतो की हे करू नका. त्या पानांत काय आहे ते रुग्णालयातल्या नर्सला विचारा, ती ते औषध शिरेबाहेर सांडू नये म्हणून किती जपते.

मी फार्मसी शिकायला कोल्हापूरला गेलो तेव्हा वनस्पतीजन्य औषधांच्या पुस्तकात 'मॅपिया फेटिडा' असं नाव भेटलं. आताचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या निम्मो या वनस्पती अभ्यासकाच्या नावावरून पडलेलं. पुढे मराठी नावं: कळगुर, अमृता, नरक्या. ते पान वाचताना मला आजीचा भिरकावणारा हात आठवला आणि त्या दिवसापासून या झाडाचा मी माग काढत राहिलो.

माग अमेरिकेत निघाला. मन्रो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात अमेरिकेच्या शेतकी खात्यात काम करत होते. हजारो वनस्पतींच्या अर्कांत ते शोधत होते कॉर्टिझोन बनवायचा कच्चा माल. त्यांच्याकडे साठलेले अर्क राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या जोनाथन हार्टवेल यांनी तपासायला मागून घेतले आणि त्यांत चीनमधून आणून कॅलिफोर्नियात लावलेल्या एका झाडाचा अर्क उंदरांच्या कॅन्सरवर जोरदार चालला. चिनी लोक त्याला 'सुखाचं झाड' म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा. कॉर्टिझोनच्या कामात गुंतलेल्या खात्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि ते झाड मनात धरूनच गेले. दोन वर्षांनी त्यांना साथीदार मिळाला: मनसुख वाणी.

वाणींचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि १९६२ मध्ये वॉल यांच्याकडे रुजू झाले. पुढची दहा वर्षं या दोघांनी जे केलं त्याला माझ्या मते विसाव्या शतकाच्या औषधशास्त्रात फार थोड्या जोड्या सापडतील. १९६६ मध्ये त्यांनी चिनी झाडातल्या कॅम्प्टोथेसिनची रचना जगापुढे ठेवली आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवरचं आजचं मुख्य औषध. दोन्ही रेणू एकाच प्रयोगशाळेतून आले. वाणी २०२० मध्ये गेले. आपल्या खानदेशातल्या या माणसाचं नाव महाराष्ट्रातल्या शाळेच्या पुस्तकांत का नसावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

चिनी झाडात कॅम्प्टोथेसिन फार थोडं निघायचं. ते भरपूर कुठे आहे ते मुंबईत सापडलं. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या नरक्याच्या लाकडाचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये छापलं की चिनी झाडापेक्षा यात कितीतरी जास्त कॅम्प्टोथेसिन आहे. वाळलेल्या लाकडाच्या हजार भागांत साधारण एक भाग, मुळांत कधी त्याहूनही अधिक. लालबागच्या आमच्या खोलीपासून गोरेगाव लोकलने तासाभरावर. आजोबा तेव्हा अजून गिरणीत होते.

पण नेमक्या त्याच सुमाराला या रेणूचं नशीब फिरलं होतं. तो पाण्यात विरघळत नाही आणि न विरघळणारी वस्तू शिरेतून देता येत नाही. म्हणून त्याचं एक कडं उघडून सोडियमचं क्षार बनवलं आणि ते रुग्णांना दिलं. तेच कडं या रेणूचा जीव होतं. उघडलं की गाठीवरचा परिणाम उतरे. आणि लघवीच्या आंबटपणात ते पुन्हा मिटे, मग मूत्राशयातून रक्त जाई. जुलाब आणि ढासळणारे काउंट वेगळेच. प्रयोग थांबवावे लागले आणि दहा-बारा वर्षं कॅम्प्टोथेसिनचं नाव मागे पडलं.

ते परत आलं ते विष नक्की काय करतं हे कळल्यावर. डीएनए हा दोन पदरी दोर आहे. आबा पडवीत बसून घायपाताचा दोर वळायचे तेव्हा मी एक टोक धरायचो. घट्ट पीळ दिलेल्या दोराचे पदर मधूनच ओढून वेगळे करायला गेलं तर पुढचा पीळ इतका आवळतो की दोर स्वतःभोवती गाठी मारतो. तो सैल करायचा तर टोक सोडून फिरू द्यावं लागतं. पेशीतल्या दोराला सोडायला टोक नाही. तिथे टोपोआयसोमरेज-एक नावाचं विकर येतं, एक पदर कापतं, दुसऱ्याभोवती त्याला फिरू देतं, पीळ उतरला की कापलेलं टोक पुन्हा जोडतं आणि पुढे जातं. अशा तऱ्हेचं विकर जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये जिवाणूत पहिल्यांदा शोधलं. आणि १९८५ मध्ये लेरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅम्प्टोथेसिन नेमकं कापणं आणि जोडणं यांच्या मधल्या क्षणी तिथे जाऊन बसतं. विकर कापतं, पण जोडू शकत नाही. कापलेल्या टोकाला चिकटून राहतं. तेवढ्यात नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्याच्यावर आदळते आणि एका पदराची चीर दोन्ही पदरांची होते. अशा तुटींनी भरलेली पेशी मरते. जी पेशी दुभंगत नाही तिच्यात मागून कुणी आदळत नाही, म्हणून ती बहुधा वाचते.

किती नेमकं विष आहे हे! एका झाडाने एकाच विकराचा एकच क्षण हेरला आहे. मला यात झाडाची थोरवी दिसते आणि ते म्हणायला मी कचरत नाही.

आता कडं न उघडता विरघळणारं रूप बनवायचा ध्यास लागला. जपानच्या याकुल्त कंपनीच्या संशोधकांनी इरिनोटेकान केलं. शरीरात गेल्यावर त्यातून खरं औषध मोकळं होतं. ते जपानमध्ये १९९४ ला मान्य झालं आणि अमेरिकेत १९९६ ला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर. बीजांडकोशाच्या कॅन्सरवरचं टोपोटेकान त्याच वर्षीचं. दोन्हींचा पाया कॅम्प्टोथेसिन, आणि ते मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे लाकूड तोडणं.

इथे आमचे थोरले चुलते, तात्या, गोष्टीत येतात. गिरण्यांच्या संपानंतर ते मुंबई सोडून कायमचे गावी आले. नव्वदच्या दशकात एका हंगामात गावात व्यापाऱ्याची माणसं आली आणि नरक्याचं लाकूड किलोवर घेऊ लागली. ज्या झाडाला कुणी चुलीत घालत नव्हतं त्याला पैसा येतोय म्हटल्यावर गावाने कोयते उचलले. कुणाला सांगितलं उदबत्तीला लागतं, कुणाला सांगितलं परदेशी रंगाला. तात्या सांगायचे, "आदी खोडं नेली. मग म्हणाले मुळं आणा, मुळांस्नी जादा भाव. मग आमी पारीनं उकरून काढली." तुकडे करून वाळवायचे, पोती भरायची आणि ट्रक रात्री निघायचा. काही पावसाळ्यांत दरीच्या कडेचे नरक्याचे पट्टे संपले. पुढे वनखात्याने हात आवळला. नरक्याची पोती पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या वर्तमानपत्रांत आजही येतात. पकडला जातो तो बहुतेक वेळा कोयतेवाला. पोत्यामागचा हिशेब ज्याच्या वहीत असतो त्याच्यापर्यंत कुणी क्वचितच पोचतं.

तात्यांची धाकटी बहीण, माझी आत्ती. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा शस्त्रक्रिया झाली, पण नंतर यकृतात डाग दिसले. परळलाच नेलं तिला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आमची सोय झाली. तिथे विदर्भापासून बंगालपर्यंतची माणसं एकमेकांच्या फायली आणि एकमेकांचे डबे सांभाळत होती. आत्तीच्या किमोच्या चिठ्ठीवर दुसऱ्या फळीचं औषध म्हणून इरिनोटेकान लिहिलेलं मी वाचलं. दर पंधरा दिवसांनी एक सायकल. परत आल्यावर पाच-सहा दिवसांनी जुलाब सुरू होत. या औषधाचा तो ओळखीचा त्रास. पहिला जुलाब झाल्याबरोबर गोळी सुरू करायची, दर दोन तासांनी, हे मी धर्मशाळेच्या भिंतीला कागद लावून लिहून ठेवलं होतं. केस विरळ झाले. पण तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये यकृतातले डाग निम्म्यावर आले. आत्तीला भूक लागू लागली आणि तिने माझ्याकडे पहिली मागणी केली ती गावाकडच्या घनसाळ भाताची.

त्या बऱ्या दिवसांत ती गावी आली असताना मी दोघा बहीणभावांना सगळं सांगितलं. तात्या बराच वेळ गप्प होते. आत्तीने विचारलं, "व्हय रं दादा, तू तोडलेलं लाकूड माझ्या हातात गेलं आसंल काय?" तात्या म्हणाले, "गेलं आसंल तर बरंच झालं म्हनायचं." मीही तेच म्हणेन. पोतं कुठल्या कारखान्यात गेलं आणि चिठ्ठीवरची बाटली कुठून आली, याची सांगड कुणालाच घालता येणार नाही. पण भारतातून निघणाऱ्या कॅम्प्टोथेसिनचा मुख्य स्रोत हेच झाड होतं, तेव्हा आत्तीचा प्रश्न वेडा नव्हता.

औषध पुढे चालेनासं झालं. हे का होतं, याचं एक उत्तर २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी झाडातच शोधलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला: चिनी झाडाच्या पेशीही दुभंगतात, त्यांनाही हे विकर लागतं, मग ते झाड स्वतःच्या विषाने मरत कसं नाही? त्या झाडाच्या विकरात ७२२ व्या जागेचं एक अमिनो आम्ल बदललेलं निघालं. अ‍ॅस्पॅराजिनच्या ठिकाणी सेरीन. तेवढ्याने विषाला बसायला जागा उरत नाही. आणि प्रयोगशाळेत कॅम्प्टोथेसिनला न जुमानणाऱ्या माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशी जेव्हा तपासल्या होत्या, तेव्हा त्यांच्यातही तोच बदल, त्याच जागी आढळला होता. झाडाला जे लाखो वर्षांत साधलं ते कॅन्सरने काचेच्या बशीत काही पिढ्यांत साधलं. रुग्णाच्या शरीरात त्याला आणखीही वाटा असतात: औषध पेशीबाहेर उपसणारे पंप, तुटी भराभर सांधणारी यंत्रणा. हजारो लाखो पेशींमध्ये अशी एखादी आधीपासूनच असते. बाकीच्या मेल्या की मैदान तिचं होतं. आत्ती औषध चालेनासं झाल्यानंतरच्या पावसाळ्यात गेली. मधल्या काळात तिने नातीचं लग्न लावलं आणि दोन भाताची पिकं घरात आणली. त्या दिवसांचं मोल मी कुणाला कमी करू देणार नाही.

औषधशास्त्र मात्र त्या रेणूपाशी थांबलेलं नाही. आता कॅम्प्टोथेसिनच्या वंशातला एक जहाल रेणू प्रतिपिंडाला बांधून थेट कॅन्सरच्या पेशीच्या दारात नेतात. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे त्यातलं नाव स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस मान्य झालं. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी आपल्या पश्चिम किनारपट्टीवरच्या नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी काढली, जी स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते. त्यातून झाड न तोडता औषध मिळायची आशा आहे. प्रमाण मात्र अजून फार थोडं.

आत्ती गेल्यानंतर एकदा तात्यांनी विचारलं, तिला एका वेळेला किती लाकूड लागत आसंल? मी कागदावर मांडून दाखवलं. तिच्या बांध्याच्या बाईला एका सायकलला सुमारे ३०० मिलिग्रॅम इरिनोटेकान. त्यासाठी निदान १८० मिलिग्रॅम कॅम्प्टोथेसिन. हजारात एक भाग धरला तर पावशेराहून कमी वाळकं लाकूड. कारखान्यात वाया जाणारं धरून तिप्पट केलं तरी अर्धा किलोच्या आसपास. तात्यांनी कागद हातात घेतला. त्यांनी टनांनी पोती भरली होती.

"आर्धा किलो?" ते म्हणाले. "त्येला झाड कशाला मारायचं? नरक्याच्या बुडख्याला फुटवा येतोय की. मुळी न्हाई उकरली तर दोन पावसात मनगटाएवढ्या फांद्या हुत्यात. दर साल नुसत्या फांद्या तोडून दिल्या आसत्या आमी, बी गळून गेल्यावर. रान हाय तसं ऱ्हायलं आसतं. पण त्यानी कुणी इचारलंच न्हाई आमास्नी, आन् कशाला पायजे त्ये सांगितलंबी न्हाई."